घुमेकाकांचा कट्टा

घुमेकाकांचं आडनाव घुमे नव्हतं. ते कुणाशी बोलत नसत, म्हणून तिसऱ्या मजल्यावरच्या कुठल्याशा कार्ट्यानं हे नाव ठेवलं, आणि ते असं चिकटलं की पोस्टमनसुद्धा जिन्यात उभा राहून "घुमेकाका आहेत का" असं विचारायला लागला. काकांनी कधी हरकत घेतली नाही. हरकत घ्यायची तर बोलावं लागलं असतं.

मी तळमजल्यावर राहते. खिडकीला लागून माझं शिलाई मशीन आहे आणि मी कपडे दुरुस्त करून देते. पॅन्ट आखूड करणं, चेन बदलणं, उसवलेले खांदे शिवणं, असली कामं. दिवसभर मान खाली, पण वर केली की समोर अंगण. चार इमारतींच्या मधलं अंगण आणि त्याच्या मधोमध काकांचं झाड. त्यामुळे कोण कुणाशी बोलतं नि कोण कुणाला टाळतं हे मला आपोआप कळतं. मी मुद्दाम बघत नाही. बरं, थोडं बघते.

काका शहराच्या उद्यान खात्यात होते, पण बागेत नव्हे, रस्त्यावर. रस्त्याकडेच्या झाडांना लोक अगदी बुंध्यापर्यंत सिमेंटनं लिंपून टाकतात. ते फोडून झाडाभोवती मोकळी माती करून द्यायची, दबून दगड झालेल्या जमिनीत पहारीनं भोकं पाडायची आणि त्यांत खडी नि कुजलेला पाला भरायचा, हे त्यांचं काम. दुकानदार त्यांच्यावर खेकसत, कारण मोकळ्या मातीत गिऱ्हाइकाचा पाय मुरगळतो आणि कचरा साठतो. काका ऐकून घेत आणि पहार चालवत राहत. वर्षभरानं बघावं तर कुणीतरी तिथं पुन्हा सिमेंट ओतलेलं असे, आणि काका पुन्हा ते फोडत. अशी त्यांची सगळी नोकरी गेली. मला असलं काम दिलं असतं तर मी पहार कुणाच्या तरी डोक्यात घातली असती.

अंगणातलं झाड ते इथं राहायला आले तेव्हा त्यांनी लावलं. खात्याच्या रोपवाटिकेत ते टाकून दिलेलं होतं. पिशवीत जास्त दिवस राहिल्यानं त्याची मुळं आतल्या आत गोल फिरली होती आणि खोडाला बाक आला होता. काकांनी इथं बसून बोटांनी ती मुळं एकेक सोडवली, जी सुटेनात ती कापली, आणि रोप लावलं. फळ नाही, फूल नाही, नुसतं सावलीचं झाड. पण वाढलं असं की दुसऱ्या मजल्याच्या खिडक्यांना त्याच्या फांद्या लागायला लागल्या.

काकू मात्र इथं रमल्या नाहीत. सुनेचं बाळंतपण करायला म्हणून दूरच्या शहरात मुलाकडे गेल्या आणि तिथंच राहिल्या. भांडण नाही, तंटा नाही. आधी बाळ लहान होतं, मग बाळाची शाळा होती, मग काकूंचे गुडघे होते. काका माझ्या डोक्यावरच राहतात, पहिल्या मजल्यावर, त्यामुळे रविवारचा फोन मला खिडकीतून ऐकू यायचा. "जेवलो." "हो, घेतली गोळी." "बरंय." एवढ्यात आटपायचा. मग खुर्ची सरकल्याचा आवाज यायचा आणि पुढे काहीच नाही. एकटं माणूस घरात किती कमी आवाज करतं हे मला तेव्हा कळलं. कधीकधी मला त्या शांततेचाच राग यायचा. वाटायचं, वर जावं आणि म्हणावं, काका, निदान एखादं भांडं तरी पाडा.

ते निवृत्त झाले तेव्हा महिनाभर मुलाकडे जाऊन आले. इकडे आमच्या शेजारच्या इमारतीतल्या ठेकेदाराच्या डोक्यात एक कल्पना आली. ठेकेदार म्हणजे मोठ्या आवाजाचा आणि त्याहून मोठ्या मनाचा माणूस. घरांची डागडुजी करतो. कुणाचंही काही अडलं की आधी हजर, मग विचारणार काय झालं. तो म्हणाला, काकांनी आपल्याला एवढं झाड दिलं, आपण काकांना काहीतरी देऊ या. सगळ्यांनी मान डोलावली. त्याची माणसं आली, विटा आल्या, आणि झाडाभोवती गुडघाभर उंचीचा गोल कट्टा उभा राहिला. वर गुळगुळीत फरशी. आत बुंध्यापर्यंत लाल मातीची भर घातली, कारण रिकामा खड्डा वाईट दिसला असता. वर हिरवळीचे तुकडेही बसवले. खरोखर देखणा झाला होता.

काका परत आले ते बॅग हातात घेऊनच अंगणात थांबले. सगळे जमले होते. ठेकेदारानं त्यांचा हात धरून त्यांना कट्ट्यावर बसवलं. टाळ्या झाल्या, चहा झाला. मी बघत होते. काका बुंध्याकडे बघत होते, जिथं तो मातीत शिरत होता तिथं. त्यांचा चेहरा एकदम पडला. मला वाटलं, बिचाऱ्याला भरून आलंय.

"काका, आता घरात कोंडून घ्यायचं नाही," ठेकेदार म्हणाला. "रोज संध्याकाळी खाली यायचं. आम्ही वाट बघणार."

काकांनी तोंड उघडलं, मिटलं, आणि मान डोलावली.

आणि ते येऊ लागले. पहिले काही दिवस कोपऱ्यात चोरासारखे बसायचे, गोल कट्ट्याला जेवढा कोपरा असतो तेवढ्यात. मग हळूहळू बोलायला लागले. ठेकेदार असे, समोरच्या इमारतीतल्या निवृत्त बस कंडक्टर बाई असत, औषधाच्या दुकानात काम करणारा एक जण आणि त्याची म्हातारी आई असत. मीही मशीन बंद करून जायला लागले. इतकी वर्षं ज्या माणसाच्या तोंडून 'हो' आणि 'नाही' याखेरीज काही ऐकलं नव्हतं, तो माणूस रंगात आला की ऐकत राहावं असं बोलायचा.

झाडाबद्दल सगळ्यांना वाटतं तसं नसतं, असं ते सांगायचे. लोकांना वाटतं, झाड जेवढं वर तेवढंच खाली. तसं काही नाही. मोठी मुळं आधारापुरती. ज्यांच्या जिवावर झाड जगतं ती दोऱ्यासारखी बारीक मुळं वरच्या हातभर मातीतच असतात, आणि पसरतात मात्र फांद्यांच्याही पलीकडे. ती श्वास घेतात. मातीच्या कणांमध्ये फटी असतात, त्यांत पाणी भरतं, ते निथरलं की मागोमाग हवा येते, आणि त्या हवेवर मूळ जगतं. माती दाबली, फटी बुजल्या, की मूळ गुदमरतं. मग ते हवा शोधत वर येतं, फरशी उचलतं, गटाराच्या फटीत शिरतं, आणि लोक म्हणतात झाड माजलंय. कंडक्टर बाई म्हणाल्या, गर्दीच्या बसमध्ये माणसं खिडकीकडे सरकतात तसंच की. काका खूप हसले. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. पुढचे दात पडलेत हेही तेव्हाच कळलं.

रविवारच्या फोनवर आता ते काकूंना कट्ट्यावरच्या गोष्टी सांगायचे. एकदा तर "बरं, ठेवतो, खाली वाट बघतायत" असं म्हणून त्यांनी स्वतःहून फोन ठेवला. मी सुई हातात धरून तशीच बसले. इतका आनंद मला माझ्या स्वतःच्या घरातल्या कुठल्या गोष्टीनं बऱ्याच दिवसांत झाला नव्हता.

दुसऱ्या वर्षी पालवी फुटून गेल्यावर एका सकाळी ते माझ्या खिडकीशी आले. हातात एक डहाळी होती. कुणाशी तरी बोलल्यावाचून राहवत नव्हतं असं दिसत होतं. त्यांनी डहाळी माझ्या मशीनवर ठेवली आणि तिच्यावरचे बारीक वेढे नखानं दाखवले. दर वर्षी नवी वाढ सुरू होते तिथं असा वेढा उमटतो म्हणे. दोन वेढ्यांमधलं अंतर म्हणजे त्या वर्षाची वाढ. कट्टा होण्याआधीच्या वर्षांचं अंतर वीतभर होतं. नंतरचं बोटभर. यंदाचं माझ्या नखाएवढं.

"कट्ट्यानं मरतंय ते," काका म्हणाले.

मला आधी समजलंच नाही. मग त्यांनी सांगितलं. बुंधा जमिनीत शिरताना पाऊल टेकल्यासारखा फाकलेला दिसला पाहिजे. आता तो खांब रोवल्यासारखा सरळ आत जातो, म्हणजे गळ्यापर्यंत पुरलाय. खालची मुळं जिथं होती तिथंच आहेत, पण त्यांच्या डोक्यावर गुडघाभर माती आलीय आणि हवा खाली पोचत नाही. झाड मोठं आहे, पोटात साठवलेलं असतं, त्यावर वर्ष दोन वर्षं काढतं. वरून कुणाला काही दिसत नाही. वर आणि लोक बसल्या बसल्या उरलेलं पाणी मायेनं मातीत ओततात, तेही मुळांना बुडवतंच.

मी विचारलं, हे तुम्हाला कधी कळलं. ते म्हणाले, बॅग खाली ठेवली नव्हती तेव्हाच.

मी भडकले. मला भडकायला वेळ लागत नाही. म्हटलं, काका, जन्मभर तुम्ही दुसऱ्यांच्या झाडांभोवतीचं सिमेंट फोडत हिंडलात, लोकांच्या शिव्या खाल्ल्यात, आणि स्वतःच्या झाडाच्या वेळी मूग गिळून बसलात? ठेकेदाराला आज सांगा. दोन दिवसांत कट्टा काढून देईल.

"काढेल हो. पण कट्टा गेल्यावर माणसं कुठं बसतील, ताई?"

त्यांनी डहाळी उचलली, खिशात घातली आणि म्हणाले, भर काढायची तर पानगळीनंतरच, तेव्हा मी सांगेन, तोवर तुम्ही कुणाला बोलू नका. झाड माझं आहे, मीच सांगेन. वर जाताना जिन्यात त्यांनी पाय किती सावकाश टाकले ते मला खालून ऐकू आलं.

पानगळ झाली. काकांनी सांगितलं नाही. त्याऐवजी ते पहाटे पहार घेऊन खाली यायचे आणि कट्ट्यातल्या मातीत, फरशीला धक्का न लावता, भोकं पाडून खडी भरायचे. लोक म्हणायचे, काकांना झाडाची केवढी काळजी. मी खिडकीतून बघायचे आणि दात-ओठ खायचे. कोट अंगाला घट्ट होत असेल तर शिवण उसवावी लागते, नुसत्या गुंड्या सैल करून चालत नाही. हे मी त्यांना बोलून दाखवलं. ते म्हणाले, ठाऊक आहे. आणि संध्याकाळी पुन्हा कट्ट्यावर, चहाचा थर्मास घेऊन, सगळ्यांच्या आधी हजर.

आता ते बोलता बोलता वर बघायचे. गोष्ट रंगात आलेली असायची आणि मध्येच त्यांची नजर शेंड्याकडे जायची, तिथल्या काही फांद्या वाळून गेल्या होत्या. मग ते घाईनं खाली बघून गोष्ट पुढे न्यायचे. त्या माणसाचे दोन्ही जीव टांगणीला लागले होते, एक झाडाचा आणि एक स्वतःचा, आणि एकाला सोडवावं तर दुसरा जात होता. मला त्यांचा राग यायचा आणि त्याच वेळी दयाही यायची.

तिसऱ्या वर्षी उलटंच झालं. खालच्या फांद्यांना भरघोस, गडद हिरवी पानं आली. ठेकेदारानं मांडीवर थाप मारली. म्हणाला, बघा, कट्ट्याची माती मानवली झाडाला. सगळे खूश. मीसुद्धा काकांकडे आशेनं पाहिलं. काका हसले, पण ते हसणं नुसतं ओठांवरचं होतं. दुसऱ्या दिवशी खिडकीशी येऊन त्यांनी सांगितलं की झाडानं खालच्या मेलेल्या मुळांचा नाद सोडून कट्ट्याच्या भरीत नवी मुळं सोडली आहेत. त्यांनी हातानं उकरून पाहिलं होतं. ती मुळं विटांपर्यंत जातात, पुढे वाट नाही, म्हणून भिंतीच्या कडेकडेनं गोल फिरतात. पानांपुरतं पोट भरतंय, पण पाय उरलेले नाहीत. एवढा मोठा देह त्या मातीच्या ताटलीत उभा आहे.

आणि मग तो वाऱ्याचा दिवस आला. वादळबिदळ काही नव्हतं, पत्रे वाजतील एवढाच वारा. दुपारी काका खाली आले, बुंध्याला तळहात लावून बराच वेळ उभे राहिले. मीही बाहेर गेले. त्यांनी मला बोटानं दाखवलं. वाऱ्याच्या बाजूला कट्ट्यातली माती बुंध्यापासून सुटली होती आणि झाड हललं की ती फट उघडत होती, मिटत होती. काकांनी फटीत बोटं घालून साल चेपली. ती ओल्या पुठ्ठ्यासारखी आत गेली. पलीकडे, नेमकं जिथं औषधवाल्याची आई रोज बसायची, तिकडे झाडाचा कल होता.

"आता नाही थांबता येणार," ते म्हणाले. माझ्याशी नव्हे, झाडाशी.

संध्याकाळी ते सगळ्यांच्या आधी उतरले, पण बसले नाहीत. कट्ट्यापासून दूर उभे राहिले आणि जो येईल त्याला आपल्या बाजूला बोलावून घेतलं. म्हातारीला हात धरून आणलं. थर्मास नव्हता. सगळे जमल्यावर त्यांनी सगळं सांगितलं, अगदी पहिल्या दिवसापासून. भर म्हणजे काय, मुळं कशी गेली, डहाळी, खडीची भोकं, गोल फिरलेली मुळं, आजची फट. एकही शब्द अडखळला नाही. हेच जर त्या पहिल्या दिवशी बोलले असते, असं राहून राहून माझ्या मनात येत होतं. शेवटी म्हणाले, झाड उद्या उतरवावं लागेल, खात्यात कळवलं आहे. तोवर कुणी जवळ जाऊ नका.

वाऱ्यानं पानं सळसळत होती, आणि पानं बघाल तर तुम्हाला वाटलं असतं याच्याइतकं धडधाकट झाड नाही.

ठेकेदाराचा चेहरा पांढरा पडला होता. "म्हणजे मी मारलं," तो म्हणाला.

काकांनी मान हलवली. म्हणाले, तुम्हाला ठाऊक नव्हतं. मला होतं. पहिल्याच वर्षी भर काढली असती तर वाचलं असतं.

"मग बोलला का नाहीत?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता पुन्हा तोंडाला कुलूप लागणार. पण ते बोलले. म्हणाले, कट्टा मोडला असता तर तुम्ही यायचे थांबला असता. मला संध्याकाळी घर खायला उठायचं. म्हणून नाही बोललो.

ठेकेदार दोन पावलं त्यांच्याजवळ आला. त्याचा तो मोठा आवाज कुठं गेला कुणास ठाऊक.

"काका, आम्ही काय विटांसाठी येत होतो?" तो म्हणाला. "तुमच्यासाठी येत होतो हो."

आधी काकांना ते ऐकूच गेलं नाही असं वाटलं. मग दिसलं की गेलंय. ते भिंतीचा आधार घेत जिन्याकडे वळले, आणि त्या रात्री माझ्या डोक्यावर खुर्ची सरकल्याचा आवाजसुद्धा झाला नाही.

दुसऱ्या दिवशी खात्याची माणसं आली, काकांच्याच हाताखाली काम केलेली. त्यांनी वरून एकेक फांदी दोरानं बांधून उतरवली. बुंधा कापून झाल्यावर उरलेला खुंट ओढला तर तो फारसा त्रास न देता भरीतून सुटून आला, तळाशी काळा आणि भुसभुशीत. ठेकेदारानं स्वतः घण घेतला आणि विटा फोडल्या. माणसं लावली नाहीत. संध्याकाळपर्यंत अंगण सपाट झालं होतं आणि इतकं उघडं दिसत होतं की माझ्या मशीनवर ऊन आलं. त्या खिडकीत ऊन येतं हे मला ठाऊकच नव्हतं. मला ते नको होतं.

रोजची बसायची वेळ झाली तशी मी बाहेर बघत बसले. खरं सांगायचं तर मला खात्री नव्हती. माणसं बोलतात एक आणि सावली गेली की पांगतात, हेही मी या खिडकीतूनच पाहिलेलं आहे. पण ठेकेदार आला, डोक्यावर प्लास्टिकच्या खुर्च्यांची चळत घेऊन. कंडक्टर बाई आल्या. औषधवाला आईला घेऊन आला, तिच्यावर छत्री धरून. उन्हातच खुर्च्या मांडल्या. मी माझं स्टूल उचललं. सगळे बसले आणि वर काकांच्या खिडकीकडे बघू लागले. कुणी हाक मारली नाही.

काका उतरले. एक खुर्ची त्यांच्यासाठी मोकळी ठेवली होती, त्यात बसले. गेली तीन वर्षं ज्या झाडाचा ते आमच्यासाठी बळी देत आले होते, त्याच्या जागी आता पाय ठेवायला ताजी माती होती आणि आम्ही सगळे तरीही तिथं होतो. त्यांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं, जणू मोजून घेत होते. मग त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि ते मोठ्यानं रडू लागले. लहान मुलासारखे नव्हे, म्हाताऱ्या माणसासारखेच, खोकत, थांबत, पुन्हा रडत. ते बराच वेळ चाललं. ऊन खाली गेलं, अंगणातले दिवे लागले, आणि कुणीही उठून गेलं नाही.